वजन सारखं, तळ वेगळा

नदीवर मासे धरायला मला आणि दादाला एक बोट घ्यायची होती, आणि समोर होत्या दोन. दोन्ही बोटी १६ फुटी. दोन्हींचा तळ सपाट, पुढच्या टोकाकडे जाताना निमुळता होत वर चढणारा. पत्रा दोन्हींचा ५०५२ जातीच्या अ‍ॅल्युमिनियमचा. इंजिन अडकवायची मागची फळी दोन्हींची २० इंची, म्हणजे एकच इंजिन कुठल्याही बोटीला बसेल. रिकामं वजनही सारखं. एकीतला नांगर काढून दुसरीत ठेवला तर जड कोण आणि हलकी कोण याचा निकाल फिरेल, इतकं सारखं. नदीवर गळ टाकणाऱ्या दोन माणसांसाठी यांतली कुठलीही बोट चांगलीच आहे, हे आधीच सांगून टाकते. एक बोट वाईट असती तर प्रश्न एका संध्याकाळीत मिटला असता. दोन्ही चांगल्या निघाल्या म्हणून मला आणि दादाला इतका वेळ लागला.

पण त्या लांबलेल्या वेळेबद्दल मला मुळीच वाईट वाटत नाही. बोट म्हणजे काय, ती पाण्यावर कशाच्या जोरावर उभी राहते, खडकाला कशी सामोरी जाते, हे सगळं मी याच काळात शिकले. सरळसरळ एक बोट आवडली असती तर पैसे मोजून मोकळी झाले असते आणि यातलं काहीच कळलं नसतं.

या प्रकारच्या बोटींची नावं बहुतेक वेळा आकड्यांतच असतात. १६४८ म्हणजे १६ फूट लांब आणि तळाशी ४८ इंच रुंद. १६५२ म्हणजे लांबी तीच, तळ ५२ इंच. आमच्यासमोरच्या दोघी याच होत्या. १६४८ चा पत्रा २ मिलिमीटर जाड, रिव्हेट, म्हणजे दोन्हीकडून ठोकून बसवलेले धातूचे खिळे, मारून जोडलेला. आत प्लायवूडचा डेक, त्यावर कार्पेट, मासे जिवंत ठेवायची पाण्याची टाकी, कप्पे, दोन फिरत्या खुर्च्या. पुढे गळ फेकायला उंच चौथरा. १६५२ चा पत्रा अडीच मिलिमीटर, सगळे सांधे वेल्डिंगचे, आणि आत जवळपास काहीच नाही. आडव्या फासळ्या, दोन बाकं, त्या बाकांखाली तरंगण्यासाठी भरलेला फोम. बस्स. पहिली बोट बघताच बसावंसं वाटतं. दुसरी बघितली की वाटतं, अजून काम बाकी आहे.

मला सारखा टोचणारा प्रश्न वेगळाच होता. रुंद तळाची आणि जाड पत्र्याची बोट अरुंद तळाच्या, पातळ पत्र्याच्या बोटीइतक्याच वजनाची कशी?

कागद घेऊन बसले. १६ फुटी बोटीचा तळ आणि बाजू मिळून साधारण ११ चौरस मीटर पत्रा लागतो. अ‍ॅल्युमिनियमची घनता पाण्याच्या २.७ पट. म्हणजे सगळा पत्रा अर्ध्या मिलिमीटरने जाड केला तर वजन वाढतं सुमारे १५ किलो. तळाच्या वाढीव चार इंचांचे आणखी तीनेक किलो धरा. एवढंच! आणि १२ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचं वजन चौरस मीटरला सातेक किलो. तीन चौरस मीटर डेक म्हटला की वीस किलो तिथेच गेले, कार्पेट आणि टाकी अजून मोजलेलीच नाहीत. कोडं सुटलं. दोघींचं वजन सारखं आहे, पण एकीने ते तळात ठेवलंय आणि दुसरीने पायाखालच्या फळीत. माहितीपत्रकात वजनाची एकच ओळ असते. ते वजन बोटीच्या कुठल्या भागात आहे हे तिथे कुणी लिहीत नाही.

इथून पुढे मी दोन्ही बोटींकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले.

अर्धा मिलिमीटर म्हणजे किती? नखाएवढा. दादा म्हणाला, "अगं, इतक्याने काय होणार आहे?" त्याचं म्हणणं वरवर बरोबर होतं. पण पत्र्याचं वाकणं जाडीच्या सरळ प्रमाणात चालत नाही, ते जाडीच्या घनाप्रमाणे चालतं. २ च्या जागी २.५ मिलिमीटर घेतला तर जाडी सव्वापट होते, आणि वाकायला होणारा विरोध सव्वाचा घन, म्हणजे जवळपास दुप्पट. अ‍ॅल्युमिनियमच्या बाबतीत याला फार महत्त्व आहे, कारण हा धातू मुळातच पोलादाच्या तुलनेत जेमतेम एक तृतीयांश ताठ असतो. त्याच्याकडून ताठपणा हवा असेल तर जाडी द्यावी लागते, नाहीतर फासळ्या जवळजवळ लावाव्या लागतात.

ताठपणाचा प्रश्न फक्त खडकावर आपटण्यापुरता नाही. वेगाने जाणाऱ्या सपाट तळावर पाणी सारखं थापट्या मारत असतं. प्रत्येक थापटीला दोन फासळ्यांमधला पत्रा किंचित आत जातो, परत बाहेर येतो. पोलादाचं एक बरं असतं, ठरावीक मर्यादेखालचा ताण त्याला कितीही वेळा दिला तरी ते व्यवहारात थकत नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. छोटा ताणसुद्धा पुरेशा वेळा आला तर कुठेतरी, बहुधा सांध्याच्या कडेला, केसासारखी चीर सुरू होते. म्हणून तळ कमी लवचिक असणं याचा अर्थ बोटीचं आयुष्य वाढणं. या धातूची बाजूही सांगायला हवी. तो खडकावर घासला की बहुधा फाटत नाही, त्याला नुसता पोचा पडतो. कडाक्याच्या थंडीतही ठिसूळ होत नाही. आणि उघडा पडलेला पृष्ठभाग हवेशी क्षणात संयोग पावून स्वतःवर ऑक्साइडचा अतिपातळ थर चढवतो, त्यामुळे गोड्या पाण्यात त्याला रंगसुद्धा लागत नाही. ५०५२ मध्ये अडीच टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशियम असतं. पत्रा मजबूत व्हावा आणि पाण्यात टिकावा, या दोन्ही गोष्टी त्यातून साधतात.

आता ते चार इंच. ४८ चे ५२ झाले म्हणजे तळ आठ टक्क्यांनी रुंद झाला. उथळ पाण्यात याचा फायदा किती, हेही मी मांडून बघितलं. दोन माणसं, इंजिन, इंधन, सामान धरून एकूण ४५० किलो वजन असेल, तर अरुंद बोट पावणेनऊ सेंटीमीटर बुडेल आणि रुंद बोट आठच्या थोडी वर. फरक अर्ध्या-पाऊण सेंटीमीटरचा. नदीच्या तळाशी गोटे याहून मोठे असतात. माझा जरा हिरमोडच झाला, कारण रुंद बोट खूप कमी बुडते असं मी मनाशी धरून चालले होते.

पण रुंदीचं खरं काम दुसरीकडे दिसलं. बोट डुलायला लागते तेव्हा तिला सावरणारा जोर पाण्याच्या रेषेवरच्या रुंदीच्या घनाप्रमाणे वाढतो. बुडलेलं आकारमान दोघींचं सारखंच, कारण वजन सारखं. मग उरते फक्त रुंदी, आणि ५२ भागिले ४८ यांचा घन येतो १.२७. आठ टक्के रुंदीने सुरुवातीची स्थिरता सव्वापटीहून जास्त केली! पुन्हा घनच. पत्र्याच्या जाडीत घन, तळाच्या रुंदीत घन. माहितीपत्रकात ज्या दोन ओळींवरून नजर सहज घसरते, नेमक्या त्याच दोन ओळी पाण्यात गेल्यावर फुगून मोठ्या होतात. बाकीच्या ओळी, म्हणजे कप्पे किती, खुर्च्या कशा, टाकी किती लिटरची, पाण्यात गेल्यावरही जेवढ्यास तेवढ्याच राहतात.

दादाला हे पटलं, पण त्याची बाजू पडली नाही. तो म्हणाला, "तू बोटीचं गणित करतेस, मी माशाचं करतोय." त्याचं गणितही खरं आहे. उंच चौथऱ्यावर उभं राहिलं की पाण्याकडे बघायचा कोन सुधारतो, पृष्ठभागावरचं आकाशाचं प्रतिबिंब कमी आडवं येतं, खडकाच्या सावलीत थांबलेला मासा दिसतो. गळ फेकताना दोरा बाकाला, वल्ह्याला, इंधनाच्या नळीला अडकत नाही. नदीवर मासा धरायचा तो बहुधा धारेच्या कडेला धरायचा असतो, जिथे वेगवान पाणी आणि संथ पाणी एकमेकांना घासून जातात. मासा संथ बाजूला दम खात थांबतो आणि धारेतून वाहत येणारं खाद्य टिपतो. ती रेघ कधी हातभरच रुंद असते. गळ तिच्यावर नेमका पडायला हवा, आणि त्यासाठी पाय पक्के, हात मोकळे हवेत. सपाट डेक हा काही नखरा नाही.

मी एवढंच म्हटलं, "दादा, पाय पक्के हवेत तर मग उंची कुठल्या रुंदीवर उभी करतोयस ते बघ." अरुंद तळावर उंच चौथरा म्हणजे शरीराचा गुरुत्वमध्य वर आणि सावरणारी रुंदी कमी. तो गप्प बसला, पण रागाने नाही. त्याने वही ओढली आणि स्वतः आकडे टाकून बघितले.

रिव्हेट आणि वेल्डिंग यांच्याबद्दल लोक फार ठाम बोलतात. रिव्हेट म्हणजे जुनं आणि गळकं, वेल्डिंग म्हणजे नवं आणि मजबूत, असा सरसकट निकाल असतो. मला तो अन्यायकारक वाटतो. अ‍ॅल्युमिनियम स्वस्त झालं तेच मुळी १८८६ नंतर, अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी एकमेकांच्या नकळत विजेने ते वेगळं काढायची एकच पद्धत शोधल्यावर. पुढे विमानांनी या धातूला घडवलं, आणि विमानं रिव्हेटने जोडली जात. दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा ग्रुमन या विमान बनवणाऱ्या कंपनीने तोच पत्रा आणि तेच कसब वापरून हलक्या कनू बनवायला घेतल्या. त्या होड्यांनी नदीवरच्या बऱ्याच माणसांना दाखवून दिलं की लाकूड आणि कॅनव्हासच्या पलीकडे काही असू शकतं. आजची रिव्हेटची बोट त्याच घराण्यातली आहे. तिचा पातळ पत्रा ताठ ठेवायला दाबून घड्या पाडलेल्या असतात, आणि धक्का बसला की तो एका ठिकाणी न साठता थोडाथोडा पसरतो.

वेल्डिंगला उशीर झाला त्याचं कारण त्या ऑक्साइडच्या थरात आहे. अ‍ॅल्युमिनियम वितळतं ६६० अंश सेल्सिअसला, पण त्याच्या अंगावरचं ऑक्साइड वितळायला २,००० अंशांहून जास्त उष्णता लागते. बाहेरचा थर तसाच आणि आतला धातू पाणी पाणी, अशी गत. १९४० च्या दशकात निष्क्रिय वायूच्या आडोशाने जोडायच्या पद्धती आल्या आणि मगच ही अडचण सुटत गेली. तरी एक गोष्ट उरतेच. वेल्डिंगच्या रेघेशेजारचा पत्रा उष्णतेने मऊ पडतो, कारखान्यात लाटून आणलेला कडकपणा तिथे बराचसा जातो. म्हणून वेल्डिंगच्या बोटीला जाड पत्रा लागतोच. जाडी ही तिची श्रीमंती नसून तिची गरज आहे, हे कळल्यावर त्या अर्ध्या मिलिमीटरबद्दलचा माझा उत्साह थोडा जमिनीवर आला. थोडाच. कारण दोन सांध्यांच्या मधला पत्रा, जिथे खडक प्रत्यक्ष लागतो, तो जाड असतो तो असतोच.

बोटी दुरुस्त करणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांकडे आम्ही गेलो होतो. त्यांनी दोन्ही बोटींची नावं ऐकली आणि कुठलीच बाजू घेतली नाही. म्हणाले, "ताई, रिव्हेटची बोट दुखणं लपवत नाही. जिथे सैल होते तिथून पाझरते. एक जण आतून लोखंडाचा ठोकळा धरतो, एक जण बाहेरून ठोकतो, काम संपलं. वेल्डिंगला चीर गेली तर आर्गॉन वायू लागतो आणि कसलेला हात लागतो, आणि तसा हात कमी असतो." मग जरा थांबून म्हणाले, "पण तुम्ही जोडणीचं विचारताय. मी असतो तर आधी कार्पेट उचललं असतं."

त्यांच्या आवारात डेक काढलेली एक जुनी बोट होती, कुठल्या कंपनीची ते इथे महत्त्वाचं नाही. कार्पेटखालचं लाकूड काळं, ओलं, आणि जिथे ते अ‍ॅल्युमिनियमला टेकलं होतं तिथे पांढरी भुकटी आणि टाचणीएवढे खड्डे. लाकूड कुजू नये म्हणून त्याला जी औषधं मुरवतात त्यांतल्या बऱ्याच औषधांत तांबं असतं. तांबं, अ‍ॅल्युमिनियम आणि मध्ये ओलावा असला की छोटी विद्युतघटमालाच तयार होते, आणि त्यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. याच कारणाने तांबंयुक्त रंगही या बोटींना लावत नाहीत. कार्पेट हा ओलावा धरून ठेवतं. पाणी वरून वाळल्यासारखं दिसतं आणि खाली महिनोन् महिने राहतं. मी हे सगळ्याच डेकच्या बोटींबद्दल म्हणत नाही. तांबं नसलेलं, नीट लेप दिलेलं लाकूड वापरणारे कारखाने आहेत, काही जण डेकही अ‍ॅल्युमिनियमचाच करतात. पण डेक बंद असला की खाली काय चाललंय ते दिसत नाही, एवढं खरं. आणि जी वीस किलो वजनाची फळी पहिल्या बोटीने जाड तळाच्या बदल्यात घेतली, ती पाणी पिऊन आणखी जड होऊ शकते.

उघड्या बोटीचा एक दोष मला मनापासून खटकतो. आवाज. चिमटा हातातून पडला, डबा सरकला, नांगराची साखळी घसरली, की पत्रा ढोलासारखा वाजतो. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने जातो, आणि माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाण्याची कंपनं टिपणारी संवेदनरेषा असते. उथळ, संथ पाण्यात एका खणखणाटाने मासे पांगतात. पहिल्या बोटीचं कार्पेट इथे चोख काम करतं. हा मुद्दा मी दादाच्या पारड्यात बिनतक्रार टाकला.

आणखी एक त्याच्या बाजूचा. पहिल्या बोटीच्या तळाखाली लांबीच्या दिशेने तीन पट्ट्या आहेत. त्या पाण्यात धरून राहतात, म्हणून वळणावर बोट आडवी घसरत नाही आणि आडव्या वाऱ्यात वल्ह्याने सरळ नेता येते. दुसरीचा मधला तळ गुळगुळीत आहे, फक्त कडेला दोन छोट्या पट्ट्या. सपाट, गुळगुळीत तळाची बोट वळणावर सरकते. चालवणाऱ्याला तो अंदाज हाताला बसवून घ्यावा लागतो.

या टप्प्यावर गुण मांडले असते तर बरोबरी झाली असती. म्हणून आम्ही गुण मांडायचं सोडलं आणि दुसराच प्रश्न विचारला. या फरकांपैकी कुठले नंतर बदलता येतील?

कार्पेट नाही? रबराच्या जाड चटया टाकता येतील, रोज उचलून वाळवताही येतील. डेक नाही? अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीवर हलका, काढता-घालता येणारा डेक बसवता येईल, तोही हवा तेवढ्याच उंचीचा. खुर्च्या, कप्पे, टाकी, दिवे, खोली मोजायचं यंत्र, सगळं हळूहळू होईल. इंजिनसुद्धा बदलता येतं. पण तळ चार इंचांनी रुंद करता येत नाही. पत्रा अर्ध्या मिलिमीटरने जाड करता येत नाही. फासळ्या जवळ आणता येत नाहीत. मागच्या फळीची ताकद नंतर वाढवायची म्हणजे बोटीचं अर्धं अंग उघडायचं. पहिल्या बोटीच्या चांगल्या गोष्टी दुसरीत नेता येत होत्या, उलट नेता येत नव्हत्या. हे शब्दांत आल्यावर दादा हसला आणि म्हणाला, "मग इतके दिवस आपण खुर्च्यांवर का भांडत होतो?" मला मात्र ते भांडण हवं होतं. त्याशिवाय इथवर आलोच नसतो.

ही कसोटी तलावावरच्या माणसाला लागू पडेलच असं नाही. तिथे वर्षानुवर्षं तळाला काही लागत नाही, आणि दिवसभर उभं राहून गळ फेकायचा असतो. अशा माणसाने ती कार्पेटवाली बोट घ्यावी आणि खुशाल समाधानी राहावं. नदीचं वेगळं. पूर उतरला की पात्र बदललेलं असतं. मागच्या वेळी जिथे डोह होता तिथे वाळूचा पट्टा, जिथून सरळ गेलो तिथे उन्मळून आलेलं झाड. पाणी कमी झालं की खळाळातून जाताना तळाला गोटे लागणारच, कितीही जपलं तरी.

आणि नदीची ओढ. थांबलेल्या बोटीवर वाहत्या पाण्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. सेकंदाला एक मीटरने वाहणारं पाणी दोन मीटरने वाहू लागलं की जोर चौपट होतो, आडव्या अडकलेल्या बोटीच्या दर चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास. बोट खडकावर आडवी लागली तर वरच्या अंगाची कड खाली दबते आणि पाणी आत चढतं. घाबरून माणूस खडकापासून दूर, म्हणजे नेमका वरच्या अंगाला झुकतो. झुकायचं असतं खडकाकडे. नांगरही कधी मागून टाकायचा नाही, पुढच्या टोकावरूनच टाकायचा. मागची फळी सगळ्यात बुटकी, तिच्यावर इंजिनाचं वजन, आणि ओढीने दोरी ताणली की पाणी तिथूनच आत शिरतं. अशा क्षणी बोट डगमगायच्या आधी माणसाला किती वेळ देते, हे रुंदी ठरवते. तो सव्वापटीचा आकडा मला या ठिकाणी सगळ्यात मोलाचा वाटतो.

फोमबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण लोक तो बघतच नाहीत. अ‍ॅल्युमिनियम पाण्यापेक्षा जड आहे. पाण्याने भरलेली धातूची बोट फोमशिवाय तळाला जाते. अमेरिकेत २० फुटांखालच्या बहुतेक मोटरबोटींना क्षमतेची पाटी आणि बुडाल्यावरही तरंगण्याची सोय कायद्याने सक्तीची आहे. पाटीवर माणसं किती, एकूण वजन किती, इंजिन किती अश्वशक्तीपर्यंत, हे लिहिलेलं असतं. जिथे अशी सक्ती नाही तिथे घेणाऱ्याने स्वतः विचारावं: फोम कुठे आहे, किती आहे, आणि तो पाणी पितो का? बंद पोकळीत वर्षानुवर्षं ओला राहिलेला फोम तरंगण्याऐवजी ओझं होतो. दुसऱ्या बोटीचा फोम बाकांखाली आहे, झाकण काढून हात लावून बघता येतो. मी बघितला.

तर १६५२ ठरली. आता प्रश्न इंजिनाचा, आणि तो आम्ही मुद्दाम उघडा ठेवला आहे. दादाला पंख्याचं साधं आउटबोर्ड, म्हणजे मागच्या फळीवर बाहेरून अडकवायचं इंजिन, हवं आहे, मला जेटचं. उथळ नदीवरच्या जेटची गोष्ट न्यूझीलंडमध्ये सुरू झाली. बिल हॅमिल्टन यांना तिथल्या गोट्यांच्या, जेमतेम घोटाभर पाण्याच्या नद्यांवरून बोट न्यायची होती, आणि १९५० च्या दशकात त्यांनी पाणी आत ओढून मागे फेकणारं यंत्र त्यासाठी पक्कं केलं. १९६० साली त्यांच्या बोटी कोलोरॅडो नदीतून, ग्रँड कॅन्यनच्या घळीतून, प्रवाहाच्या उलट वर चढल्या. पाण्याखाली पंखा लोंबकळत नाही, म्हणून वेगात असताना वीतभराहून कमी पाण्यातूनही निघून जाता येतं. हे वाचल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही.

पण दादाचं म्हणणं डावलण्यासारखं नाही. जेट लावलं की त्याच इंजिनाची सुमारे ३० टक्के ताकद जाते. गोटे आणि वाळू आत ओढली जाऊन आतलं चाक झिजतं. आणि जेटचा सगळा फायदा बोट वेगाने पाण्यावर उचललेली असेपर्यंतच, मंद गतीत ती पंख्याच्या बोटीहून फारशी सरस नाही. आमच्या दोघांचं बरंचसं मासे धरणं मंद गतीतच होतं. जेटला ओझंही सोसत नाही, म्हणजे डेक आणि टाकीचे सगळे बेत मग नव्याने तपासावे लागतील. माझ्या बाजूने एकच गोष्ट आहे: या बोटीचा मधला तळ गुळगुळीत आहे. जेटच्या तोंडासमोर पट्टी किंवा रिव्हेटची डोकी आली तर पाण्यात हवा मिसळते आणि जेटची पकड सुटते. इथे ती अडचण नाही. तेव्हा आधी पंखा लावायचा, पाणी उतरल्यावर किती ठिकाणी इंजिन वर उचलावं लागतं ते बघायचं, आणि मग बोलायचं, असं ठरलं आहे.

त्याआधी एक काम. बोट ट्रेलरवर असतानाच आत तीन बोटं पाणी भरायचं आणि खाली शिरून प्रत्येक सांधा कोरड्या फडक्याने पुसत जायचा. वेल्डिंग असो की रिव्हेट, झिरपायचं असेल तर ते असंच आणि जमिनीवरच कळतं. दादाने त्यासाठी खडू आणून ठेवला आहे, ओल दिसेल तिथे खूण करायला.